सामाजिक शास्त्रांच्या अध्यापनात नव्या साधनांचे स्थान
(इयत्ता ६ वी ते ८ वी)

इतिहास, भूगोल व नागरिकशास्त्र हे विषय वरच्या वर्गांत शिकविताना शिक्षकांपुढे एक जुनी अडचण नेहमी उभी राहते. ह्या विषयांतील बहुतेक गोष्टी वर्गात आणून दाखविता येत नाहीत. गणितात मणी मोजून दाखविता येतात; विज्ञानात बी रुजत घालून कोंब दाखविता येतो; परंतु नदीचे खोरे, शंभर वर्षांपूर्वीचा बाजार अथवा राज्याची विधानसभा वर्गाच्या चार भिंतींत मावत नाही. म्हणून पुस्तकातील वाक्ये वाचावयाची, प्रश्नोत्तरे फळ्यावर लिहून द्यावयाची आणि ती पाठ करवून घ्यावयाची, अशी रीत अनेक ठिकाणी पडून गेली. ही रीत शिक्षकांच्या आळसाने पडली असे म्हणता येणार नाही. ती मुख्यतः साधनांच्या अभावी पडली.

आज साधनांचा तो अभाव पुष्कळ अंशी दूर झाला आहे. बहुतेक शिक्षकांच्या हाती मोबाईल आहे. अनेक शाळांत लोकवर्गणीतून वा शासनाच्या साहाय्याने टीव्ही संच अथवा प्रोजेक्टर आला आहे. २०१७ साली सुरू झालेल्या ‘दीक्षा’ ह्या व्यासपीठावरील चित्रफिती पाठ्यपुस्तकातील क्यूआर कोडच्या द्वारे क्षणात उघडता येतात. साधन आले खरे. परंतु पाठ सुधारला काय, हा प्रश्न प्रत्येक शिक्षकाने स्वतःशी विचारावयास हवा. चित्रफीत लावली, मुलांनी ती निमूटपणे पाहिली, तास संपल्याची घंटा झाली आणि मुले उठली, असे घडत असेल तर पूर्वी पुस्तकावरून होणारे पाठांतर आता पडद्यावरून होऊ लागले, एवढाच फरक पडला.

असा अनुभव पूर्वीही आलेला आहे. १ ऑगस्ट १९७५ पासून एक वर्षपर्यंत सहा राज्यांतील सुमारे २,४०० गावांत उपग्रहाच्या साहाय्याने दूरदर्शनवरून शैक्षणिक कार्यक्रम दाखविण्याचा मोठा प्रयोग आपल्या देशात झाला. महाराष्ट्रात १९८४ साली पुण्यास बालचित्रवाणी ही संस्था निघाली व मराठीतून शालेय कार्यक्रम तयार करू लागली. २०१७ साली ती बंद झाली. रेडिओ आला, दूरदर्शन आले, संगणक आला, आता मोबाईल आला. साधने येतात आणि जुनी होतात. शिक्षकाने मुलांच्या मनात जागा केलेला प्रश्न मात्र जुना होत नाही. यास्तव कोणतेही साधन हाती घेण्यापूर्वी त्याचे पाठातील स्थान निश्चित केले पाहिजे.

तीन साक्षीदार

सामाजिक शास्त्रांचा पाठ हा एका अर्थी चौकशीचा पाठ असतो. चौकशी करणारा मनुष्य एकाच साक्षीवर विसंबत नाही. मुलांनीही तसेच करावयास शिकावे. त्यांच्यापुढे तीन साक्षीदार असावेत. पहिला साक्षीदार म्हणजे मुलाने स्वतः चालून, पाहून व मोजून केलेले निरीक्षण. दुसरा साक्षीदार म्हणजे गावातील जाणती माणसे. तिसरा साक्षीदार म्हणजे लेख, आकडे, चित्रे व यंत्राने दाखविलेली दृश्ये. मोबाईल आणि पडदा ह्यांचे स्थान ह्या तिसऱ्या रांगेत आहे. त्यांस कमी लेखण्याचे कारण नाही. मात्र त्यांस सर्वांआधी बोलू दिले तर मुले पहिल्या दोन साक्षीदारांकडे वळतच नाहीत. पडद्यावर जे दिसले तेच खरे, अशी त्यांची समजूत होते. उद्या मतदार होणाऱ्या मुलांच्या ठिकाणी ही समजूत फार घातक ठरते.

हे तत्त्व प्रत्यक्ष पाठात कसे उतरते, ते पुढील दोन नमुन्यांवरून लक्षात येईल.

पहिला नमुना : गावाचा नकाशा

भूगोलाच्या अभ्यासक्रमात नकाशावाचन, दिशा व प्रमाण हे घटक असतात. ते शिकविताना पुष्कळदा एकदम जगाचा नकाशा भिंतीवर टांगला जातो. त्याऐवजी आरंभ आपल्या गावापासून करावा.

पहिल्या दिवशी वर्गाचे चार-पाच मुलांचे गट करावेत. शाळेच्या पटांगणात ३० मीटर अंतर टेपने मोजून आखावे व प्रत्येक मुलाने ते नेहमीच्या चालीने चालून आपली पावले मोजावीत. समजा, एका मुलास ५० पावले लागली, तर त्याचे एक पाऊल ६० सेंटिमीटरचे झाले. आता शाळेपासून वेशीपर्यंत ४०० पावले भरली तर अंतर २४० मीटर, हा हिशोब त्याचा तोच करील. प्रमाण हा शब्द न उच्चारताच येथे त्याची कल्पना रुजते.

दुसऱ्या दिवशी प्रत्येक गटाने गावाचा एक-एक भाग फिरून पाहावा व कागदावर उतरवावा. वेस, पार, चावडी, आड, पाणवठा, पिठाची गिरणी, रेशन दुकान, दूध संकलन केंद्र, स्मशानभूमी, ओढा, शेताकडे जाणाऱ्या पाऊलवाटा असे जे दिसेल ते लिहावे. मग सर्व गटांचे कागद जुळवून एक मोठा नकाशा तयार करावा आणि तो भिंतीवर लावावा. ह्या दोन दिवसांत मोबाईल खिशातून बाहेर काढू नये.

तिसऱ्या दिवशी गावाचे उपग्रह छायाचित्र दाखवावे. गूगल अर्थ अथवा भारतीय अंतराळ संशोधन संस्थेचे ‘भुवन’ ह्यांवर ते मिळते. चित्र दाखविताना शिक्षकाने स्वतः वर्णन करू नये. दोन्ही नकाशे शेजारी ठेवून केवळ प्रश्न विचारावेत. संवाद पुढीलप्रमाणे होऊ शकेल.

शिक्षक : आपण काढलेल्या नकाशात नाही, पण ह्या चित्रात आहे, अशी कोणती गोष्ट दिसते?
विद्यार्थी : गुरुजी, ओढ्याच्या पलीकडे सात-आठ छपरे दिसतात.
शिक्षक : ती आपल्या नकाशात का आली नाहीत?
विद्यार्थी : तिकडे आमच्यापैकी कोणी गेलेच नाही.
विद्यार्थिनी : गुरुजी, ते आमचे घर आहे.

हा क्षण ह्या पाठाचा गाभा होय. मुलांनी नकाशा काढला तेव्हा त्यांनी कोणासही मुद्दाम वगळले नव्हते. ज्या वाटेने त्यांची नेहमी ये-जा असते, तेवढीच वाट त्यांच्या कागदावर उमटली. परंतु त्यामुळे आपल्याच वर्गातील एका मुलीचे घर गावाच्या नकाशातून सुटले. अनेक गावांत अशी वस्ती असते. कोठे ती ओढ्यापलीकडे असते, कोठे माळावर, तर कोठे ऊसतोड मजुरांच्या खोपटांची. वरून घेतलेल्या चित्रात मोठ्याचे व लहानाचे छप्पर सारख्याच निष्पक्षपणे दिसते, हा त्या साधनाचा खरा गुण आहे. अशा वेळी शिक्षकाने कोणत्याही गटास दोष देऊ नये व त्या मुलीकडे सर्वांच्या नजरा फार वेळ खिळू देऊ नयेत. खडू वा पेन्सिल तिच्या हाती द्यावी, ती घरे तिने नकाशात भरावीत आणि शाळेपर्यंतची तिची वाट तिनेच आखून दाखवावी. पावसाळ्यात ओढा भरल्यावर ती कशी येते, हा प्रश्न मुलेच विचारतील. समान नागरिकत्वाचा पाठ ह्याहून अधिक सोप्या रीतीने शिकविता येणे कठीण आहे.

नंतर उलट प्रश्न विचारावा : आपल्या नकाशात आहे, पण चित्रात नाही, असे काय आहे? झाडाखालून जाणारी पाऊलवाट चित्रात दिसत नाही. कोणत्या विहिरीचे पाणी पिण्यास योग्य आहे, ते कळत नाही. वस्तीचे, ओढ्याचे, शेताचे गावकऱ्यांच्या तोंडचे नाव तेथे बहुधा नसते अथवा चुकीचे असते. वरून पाहणाऱ्या डोळ्यास छप्पर दिसते. छपराखालचे माणूस दिसत नाही. अशा रीतीने चित्र मुलांच्या नकाशातील उणीव भरून काढते व मुलांचा नकाशा चित्रातील उणीव भरून काढतो.

ह्याच पाठात आणखी तीन गोष्टी साधून घ्याव्यात. पहिली गोष्ट तारखेची. उपग्रह छायाचित्र आताच्या घटकेचे असते, अशी मुलांचीच नव्हे तर मोठ्यांचीही समजूत असते. ते काही महिन्यांपूर्वीचे वा काही वर्षांपूर्वीचे असते. गावात अलीकडे बांधलेली एखादी इमारत त्यात आहे की नाही, हे मुलांस शोधावयास सांगावे. चित्राचे वय त्यांचे त्यांसच काढता येईल. दुसरी गोष्ट दिशेची. अशी छायाचित्रे बहुधा सकाळी साडेदहाच्या सुमारास घेतलेली असतात. त्यामुळे झाडांच्या व टाक्यांच्या सावल्या साधारणतः पश्चिमेकडे पडलेल्या दिसतात. सावलीवरून दिशा ओळखण्याचा हा सराव मुलांस फार आवडतो. तिसरी गोष्ट अंतराची. चित्रावर अंतर मोजण्याची सोय असते; तिने आलेले अंतर पावलांनी काढलेल्या अंतराशी ताडून पाहावे. फरक आला तर चूक कोणाची, ह्याची चर्चा होऊ द्यावी. रस्ता वळणाचा असेल व यंत्राने सरळ रेषेत मोजले असेल, तर चूक कोणाचीच नसते.

संगणकावरील गूगल अर्थमध्ये जुन्या वर्षांची छायाचित्रेही पाहता येतात. पुणे जिल्ह्याच्या इंदापूर तालुक्यात पळसदेव येथे उजनी जलाशयाचे पाणी उतरले की जुने पळसनाथाचे मंदिर उघडे पडते व पाणी चढले की पुन्हा बुडते. आपल्या परिसरातील तलाव वैशाखात व कार्तिकात कसा दिसतो, हे अशाच प्रकारे पाहता येईल. तसेच २०२० साली सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत गावठाणांची मोजणी ड्रोनने करण्यात येऊ लागली. ज्या गावांत ही मोजणी झाली, तेथील मुलांनी ड्रोन उडताना पाहिला असेल. तो कशासाठी आला होता, त्यावरून घराच्या मालकीचा पुरावा कसा तयार होतो, हे सांगितले म्हणजे भूगोलाचा पाठ सहजच नागरिकशास्त्रात येऊन मिळतो.

दुसरा नमुना : १९७२ चा दुष्काळ

इतिहास म्हणजे राजे व लढाया, असे मुलांस वाटते. आपल्या आजोबा-आजींच्या आयुष्यातही इतिहास आहे, हे त्यांस पटविण्याचे उत्तम साधन म्हणजे मोबाईलवरील ध्वनिमुद्रण. त्यासाठी महाराष्ट्रातील बहुसंख्य गावांस सोयीचा विषय १९७२ चा दुष्काळ हा होय.

त्या वर्षी पाऊस फार मोठ्या भागात फसला. त्याआधीची दोन वर्षेही अनेक तालुक्यांत वाईटच गेली होती. शासनाने जागोजाग दुष्काळी कामे काढली. पाझर तलाव, नालाबांध, रस्ते, विहिरी व खडी फोडणे अशा कामांवर १९७३ च्या मे महिन्यात सुमारे ५० लाख माणसे राबत होती. परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी आणि कामावर वाटली जाणारी सुकडी ही त्या पिढीच्या आठवणीत अजून घर करून आहेत. ह्याच काळात महाराष्ट्रात रोजगार हमी योजना आकारास आली. १९७७ साली तिचा कायदा झाला. आणि पुढे २००५ साली संसदेने ग्रामीण रोजगाराच्या हमीचा कायदा संपूर्ण देशासाठी केला. गावाच्या माळावरील मातीच्या बांधापासून दिल्लीतील संसदेपर्यंत जाणारा हा धागा मुलांच्या हाती देता येतो.

मात्र ह्या कामास उशीर करून चालणार नाही. त्या वेळी जे वीस वर्षांचे होते ते आज सत्तरी ओलांडून गेले आहेत. त्यांपैकी जो मनुष्य जाईल, त्याच्याबरोबर त्या गावाच्या इतिहासाचे एक पान कायमचे जाईल; कारण ते पान कोणत्याही पुस्तकात छापलेले नाही.

कामाचा क्रम पुढीलप्रमाणे ठेवावा. प्रथम वर्गात प्रश्न तयार करावेत. ‘दुष्काळाविषयी सांगा’ असा मोघम प्रश्न उपयोगाचा नाही. पुढील प्रश्न नमुन्यादाखल घेता येतील.

१. आजी, त्या वर्षी तुम्ही कोणत्या कामावर जात होता? ते काम घरापासून किती दूर होते?
२. हजेरी कोण घेत असे? मजुरी केव्हा व किती मिळे?
३. पिण्याचे पाणी कोठून आणावे लागे?
४. गुरांचे काय केले?
५. लहान मुले कोठे असत? शाळा चालू होती काय?
६. त्या वेळी केलेले कोणते काम आजही गावात दिसते?

चार-पाच व्यक्ती निवडाव्यात. परंतु त्या निवडताना काळजी घ्यावी. ज्याची जमीन होती तो आणि ज्याच्याजवळ जमीन नव्हती तो, ह्या दोघांचा दुष्काळ एक नव्हता. खडी फोडणाऱ्यांत स्त्रियांची संख्या मोठी होती. त्यांस विचारल्यावाचून हा इतिहास अर्धाच राहील. गावातील प्रत्येक वस्तीतील निदान एक साक्ष असावी. प्रत्येक भेटीस तीन मुलांनी जावे. एकाने प्रश्न विचारावेत, एकाने ध्वनिमुद्रण सांभाळावे व एकाने मुख्य मुद्दे लिहून घ्यावेत. मुद्रण पंधरा मिनिटांहून अधिक नसावे. आरंभी त्या व्यक्तीस उद्देश सांगून परवानगी घ्यावी. बोलताना कोणास गहिवरून आले तर प्रश्न थांबवावेत व मुलांनी स्वस्थ बसून राहावे. ऐकण्याची ही सभ्यता हाही शिक्षणाचाच भाग आहे.

पुढील तासास वर्गात प्रत्येक मुद्रणातील निवडक दोन-तीन मिनिटांचा भाग ऐकवावा. दोन साक्षींत विसंगती आढळणारच. एकजण म्हणेल की पाऊस मुळीच पडला नाही. दुसरा म्हणेल की पडला, पण पेरणीची वेळ टळून गेल्यावर पडला. मुले विचारतील, ‘गुरुजी, खरे कोण बोलते?’ ह्या प्रश्नाचे उत्तर घाईने देऊ नये. दोघांची शेते कोठे होती, दोघांची वये किती होती, कोणी स्वतः पाहिलेले सांगितले व कोणी ऐकलेले सांगितले, हे मुलांकडून शोधवून घ्यावे. इतिहासकार जे काम करतो तेच काम येथे लहान प्रमाणावर घडते. शेवटी मुलांस त्या काळातील तलावावर वा रस्त्यावर नेऊन आणावे आणि उपग्रह छायाचित्रात तो शोधावयास सांगावे. तीनही साक्षीदार येथे एकत्र येतात.

ध्वनिमुद्रणे शिक्षकाच्या मोबाईलमध्येच राहू देऊ नयेत. मोबाईल बिघडतो, हरवतो, बदलतो. शिक्षकाचीही बदली होते. मुद्रणांच्या प्रती शाळेच्या संगणकात ठेवाव्यात आणि महत्त्वाचा मजकूर मुलांकडून एका जाड वहीत सुवाच्य अक्षरांत उतरवून घ्यावा. दरवर्षी दहा-वीस पानांची भर पडत गेली तर काही वर्षांत त्या शाळेपाशी गावाचा असा इतिहास तयार होईल की जो दुसऱ्या कोणत्याही ग्रंथालयात मिळणार नाही. कागद दीर्घकाळ टिकतो. यास्तव नव्या साधनाने जमविलेले धन जुन्या साधनात जपून ठेवावे.

आकडे व चित्रफिती

२०११ च्या जनगणनेच्या जिल्हा पुस्तिकांत प्रत्येक गावाची कुटुंबसंख्या, लोकसंख्या व साक्षरांची संख्या दिलेली आहे. त्या संगणकावर उपलब्ध आहेत. मुलांनी आपल्या आळीतील कुटुंबे मोजावीत, सर्वांची बेरीज करावी व ती २०११ च्या आकड्याशी ताडून पाहावी. वाढ वा घट का झाली, ह्याची उत्तरे त्यांच्याच घरांत मिळतील.

चित्रफीत दाखवावयाची असल्यास ती शिक्षकाने आदल्या दिवशी संपूर्ण पाहावी. दाखविण्यापूर्वी फळ्यावर दोन प्रश्न लिहावेत. मध्ये एकदा थांबवून ‘पुढे काय होईल?’ असे विचारावे. पाच मिनिटांहून लांब चित्रफीत सलग दाखवू नये.

मोबाईलवर फिरणारे एखादे खोटे वा संशयास्पद छायाचित्र मुद्दाम वर्गात आणावे व तीन प्रश्न विचारावेत : हे कोणी काढले, केव्हा काढले, कोठे काढले? एकाही प्रश्नाचे उत्तर मिळत नसेल, तर ते चित्र पुढे पाठवावयाचे नाही, हा नियम मुलांनी घरी जाऊन मोठ्यांसही सांगावा.

जेथे साधने अपुरी आहेत तेथे

ज्या गावी मोबाईलची जोडणी मिळत नाही, तेथील शिक्षकांनी निराश होऊ नये. केंद्राच्या वा तालुक्याच्या ठिकाणी गेल्यावेळी गावाचे छायाचित्र मोबाईलमध्ये उतरवून घ्यावे. शक्य झाल्यास त्याची एक मोठी प्रत कागदावर छापून आणावी. तिच्यावर चौकटी आखून तेच चित्र मुलांकडून वर्गाच्या फरशीवर खडूने मोठे करून घेता येते. ध्वनिमुद्रणास जोडणीची गरजच नसते. द्विशिक्षकी शाळेत एक इयत्ता स्वाध्याय करीत असताना दुसऱ्या इयत्तेच्या गटांनी पाळीपाळीने मोबाईलवरील चित्र पाहावे. एक साधन आणि तीस मुले असली, तरी प्रत्येक गटास निराळा प्रश्न दिल्यास कोणीही रिकामे बसत नाही.

घ्यावयाची काळजी

मुलांची छायाचित्रे वा ग्रामस्थांची ध्वनिमुद्रणे त्यांच्या परवानगीवाचून मोबाईलवरील समूहांत पाठवू नयेत. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात बालकांच्या माहितीसंबंधी पालकांच्या संमतीस विशेष महत्त्व दिले आहे. शिक्षकाचा मोबाईल मुलांच्या हाती देताना त्यातील खाजगी मजकूर बंद ठेवावा. ज्या मुलाच्या घरी मोबाईल नाही त्यास कमीपणा वाटेल असा गृहपाठ देऊ नये. मोबाईलचे काम शाळेतच व गटातच व्हावे.

शेवटी एक गोष्ट लक्षात ठेवावी. वर्षअखेर शाळेत किती तास पडदा चालू होता, ह्यावरून ह्या विषयाच्या अध्यापनाची परीक्षा होत नाही. भिंतीवरील गावाच्या नकाशात ओढ्यापलीकडची घरे आली काय, जाड वहीत एखाद्या खडी फोडणाऱ्या आजीची हकीकत उतरली काय, आणि कोणी काही सांगितले असता ‘हे कशावरून?’ असे विचारण्याचे धैर्य मुलांस आले काय, ह्या तीन प्रश्नांची उत्तरे होकारार्थी असतील तर साधनाचे चीज झाले असे समजावे. ह्या तिन्ही कामांस शिक्षकाच्या खिशातील एक मोबाईल पुरेसा आहे. त्याच्याआधी मुलांस गावातून चालवीत नेणारा शिक्षक मात्र हवा.